जास्तीची भाकर

बुधवार, ८ जानेवारी २०२५, वलगाव

पोहोचले एकदाची! सिंगापूरहून मुंबई, मुंबईहून नागपूर, नागपूरहून बसने अमरावती, आणि तिथून पुढे केशवकाकांच्या मालवाहू गाडीत, रिकाम्या क्रेटांच्या शेजारी बसून वलगाव. अंगाला अजून मेथीचा वास येतोय. मस्त वाटतंय.

आईची अट आहे की इथे असेपर्यंत रोज मराठीत लिहायचं. ती तिकडे दर शनिवारी मराठी शाळा चालवते, त्यामुळे घरात ‘ण’चा ‘न’ झाला तरी आम्हाला बोलणी बसतात. परदेशात वाढूनही माझी मराठी किती शुद्ध आहे, असं पुण्याचे सगळे नातेवाईक म्हणतात. मला ते ऐकायला आवडतं, खोटं कशाला बोलू.

अन्नशास्त्राचं एक सत्र दुसऱ्या देशात करायचं असतं. वर्गातल्या बाकीच्यांनी मेलबर्न, सोल वगैरे घेतलं. मी अमरावतीचं कॉलेज घेतलं, कारण माझा प्रकल्प एका शेतकरी कुटुंबाच्या जेवणावर आहे. कोण काय खातं, किती खातं, कधी खातं, सगळं वहीत टिपायचं. कॉलेजनेच हे घर सुचवलं. केशवकाका आणि पार्बताबाईकाकू वांगी, मेथी आणि झेंडू पिकवतात. त्यांची मुलगी खुशी माझ्याच कॉलेजात आहे. घर स्लॅबचं, पुढे ओसरी, ओसरीला तीन पायऱ्या. माझी खोली ओसरीला लागूनच आहे. खिडकीतून पायऱ्या दिसतात आणि त्यापलीकडे झेंडूचा पिवळाधमक पट्टा.

काकूंनी आल्या आल्या गूळपाणी दिलं आणि माझा दंड दोन बोटांत धरून बघितला. “तिकळं जेवाले देत नाई का तुले?” म्हणाल्या. मला इतकं हसू आलं! इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी मघाशी सांबार मागवला तर जुडी आली.

मंगळवार, १४ जानेवारी

आज संक्रांत. तिळाच्या पोळ्या हादडल्या आणि दुपारभर लोळले.

प्रकल्पाची वही छान भरतेय. रोज सकाळी काकू मागच्या चुलीवर बारा भाकरी थापतात. काकांच्या चार, काकूंच्या तीन, खुशीच्या दोन, माझ्या दोन. बारावी फडक्यात गुंडाळून दाराशी फळीवर ठेवतात. दुपारी कोणी ना कोणी येतंच पायरीवर. कधी देवाच्या नावाने मागणारा, कधी नुसतीच एखादी वाटसरू बाई. काकू फडकं सोडतात, भाकर हातावर ठेवतात आणि आत येतात. नाव नाही, गाव नाही, काही विचारत नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, भुकेल्या माणसाचं नाव विचारून काय करायचं. मी ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. सर खूश होतील.

एक गोष्ट मात्र लिहूनच टाकते. मी काकूंच्या बोलण्याची नक्कल फार छान करते. ‘काहून वो’, ‘मले नाई पायजे’, तो हेल, ते शेवटी शब्द सोडून देणं. इथल्या वर्गातल्या करिश्माला आवाजी निरोप पाठवले. ती अमरावतीतच वाढलेली, पण घरात हिंदी-इंग्रजीच. ती म्हणाली, हसून हसून पोट दुखलं. दुसरा निरोप पाठवताना खुशी दारात उभी होती. धुतलेले कपडे पलंगावर ठेवून गेली.

शुक्रवार, १७ जानेवारी

उद्या चिखलदरा! करिश्मा, तिचा चुलतभाऊ शुभम आणि मी. शुभमची गाडी आहे. शनिवारी पॉइंट बघायचे, मुक्काम करायचा आणि रविवारी गाविलगडावर पायी भटकायचं. खुशीला विचारलं, पण झेंडूचा तोडा आहे, फुलं काढायचीत, म्हणाली.

काकूंनी शिदोरी बांधली. भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा, कांदे. वर निराळ्या पांढऱ्या फडक्यात एकच भाकर. ही तुझी नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. या घरातून कोणी डोंगर चढायला निघालं की जास्तीची एक भाकर सोबत जाते. वाटेत जो मागेल त्याला ती द्यायची. कोणी मागितलंच नाही, तर जिथून आपण माघारी वळू तिथे दगडावर ठेवायची. घरी मात्र आणायची नाही.

मी सहज विचारलं, आणली तर? काकू गाठ मारत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “ज्याची भाकर थो मांगाले येते. हातानं देली तं घेते आन् डोंगरावर चालला जाते, मांगं पायत नाई. नाई देली तं घरी येऊन पानावर बसते. मंग ज्यानं वापस आनली त्याले उठा लागते.”

किती सुंदर लोकसमजूत! ही पण वहीत.

शनिवार, १८ जानेवारी, चिखलदरा

परतवाड्यानंतर घाट सुरू झाला आणि हवा एकदम बदलली. भीमकुंडाची खोल दरी, देवी पॉइंट, गरम कॉफी, स्ट्रॉबेरी आणि रबडी. इथे कॉफी पिकते हे मला माहीतच नव्हतं. दोनशे तरी फोटो काढले असतील.

गाडीत ठेच्याचा वास सुटला. करिश्माने काच खाली केली आणि हसत विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, घरमालकिणीने जबरदस्तीने दिलंय, काय करणार. जेवायला आम्ही हॉटेलात गेलो. शिदोरी मी मागच्या अंगणातल्या कुत्र्यांना घातली. भाकरी तोडताना काकूंचे हात आठवले आणि कसंतरीच झालं. पण करिश्मा वाट बघत होती.

पांढरं फडकं तेवढं सॅकच्या तळाशी राहिलंय. ते उद्या ठेवीन.

रविवार, १९ जानेवारी, वलगाव

परत आले. दमलेय, पण आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी धुकं होतं. गाविलगडाच्या मोठ्या दरवाजातून आत शिरलो, तटावरून चाललो, तलाव बघितला. अशी पायपीट मी कधीच केली नव्हती. पुढे एका वळणावर दगडावर एक म्हातारी बसली होती. डोक्यावरून पदर पुढे ओढलेला, चेहरा दिसत नव्हता. तिने हात पुढे केला. “माय, भाकर दे वो.”

फडकं माझ्या पाठीवर होतं. सॅक उतरवायची, चेन उघडायची, भाकर द्यायची. अर्ध्या मिनिटाचं काम. पण शुभमचा मोबाइल माझ्यावर रोखलेला होता, करिश्मा बाजूला उभी होती, आणि मला वाटलं, ती वास मारणारी भाकर आता यांच्यापुढे काढायची? मी कमरेवर हात ठेवले आणि काकूंचा हेल काढून म्हणाले, “नाई वो माय, काई नाई मायापाशी!” दोघं खदाखदा हसले. मीही हसले.

वळणापलीकडे गेल्यावर परत जावं, असं खरंच वाटलं. पण गेले असते तर भाकर होती हे कळलं असतं, मग खोटं का बोललीस हा प्रश्न आला असता. नाही गेले. माघारी वळताना दगडावरही ठेवली नाही, त्याच कारणाने.

घरी काकू दारातच होत्या. पाणी द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, दिली का? मी म्हटलं, हो, एका म्हातारीला दिली. काही म्हणाली का ती? मी म्हटलं, हो, सुखी राहा म्हणाली.

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “असं? घेनारी तं काई बोलत नसते.” मग पाणी आणायला गेल्या.

सोमवार, २० जानेवारी

भाकर तीन दिवसांची झाली. दगडासारखी व्हायला हवी होती. फडकं सोडलं तर मऊ आणि कोमट. तव्यावरून उतरवून थोडाच वेळ झालाय अशी.

कॉलेजला जाताना पुलाजवळच्या नाल्यात फडक्यासकट टाकून दिली. संध्याकाळी पेन काढायला सॅकमध्ये हात घातला तर फडकं हाताला लागलं. कोरडं. आत भाकर, कोमट.

मी नक्की टाकली होती. पाण्यात पडल्याचा आवाज ऐकला होता.

मंगळवार, २१ जानेवारी

आज वहीचा हिशेब जुळला नाही. बारा भाकरी थापल्या, मी स्वतः मोजल्या. काका चार, काकू तीन, खुशी दोन, फळीवर एक. माझ्या वाट्याला एकच आली. काकूंनी टोपलं पुन्हा बघितलं, मग स्वतःच्या ताटातली अर्धी मला दिली. मला ती गिळवेना.

संध्याकाळी खुशीने पाटांपुढे पाच ताटं मांडली. घरात चौघं. काकांनी विचारलं, पाचवं कोणाचं? खुशी गोंधळली. आपण असं का केलं ते तिलाही सांगता येईना. काकूंनी पाचवं ताट उचललं नाही. जेवण होईपर्यंत ते रिकामं तिथेच होतं, माझ्या शेजारी. त्यांनी दोन-तीनदा माझ्याकडे बघितलं. मी भाजीचं कौतुक करत बसले.

बुधवार, २२ जानेवारी

शुभमने रविवारचे व्हिडिओ पाठवले. त्या वळणावरचा मी उघडला.

दगड रिकामा आहे. धुकं, दगड, आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून नक्कल करणारी मी. माझं ते हसणं! मला माझा चेहरा बघवेना. मी करिश्माला फोन करून विचारलं, ती म्हातारी कुठेय? करिश्मा म्हणाली, कोण म्हातारी? आम्हाला वाटलं तू नाटक करतेयस.

दुपारी काकू माझ्या खोलीत आल्या आणि पलंगाच्या कडेवर बसल्या. गेल्या दोन आठवड्यांत मला त्यांचा रागावलेला आवाज ऐकू आला नव्हता. तसा आजही नव्हता. त्यांनी माझा हात हातात घेतला. “पोरी, खोटं बोल्ली असशीन तं आता सांगून दे. मी रागावत नाई. उद्या सकाऊन आपन दोघी यष्टीनं जाऊ, तिथंच ठेवून येऊ. दोन दिस झाले का मंग माया हाती बी काई नाई रायत.”

सॅक त्यांच्या पायाशी होती. मी फक्त हो म्हणायचं होतं.

पण हो म्हटलं की पुढचं सगळं आलं. कुत्र्यांना घातलेली शिदोरी. करिश्माचं हसणं. मी का दिली नाही, आणि काय बोलले, आणि कोणाच्या आवाजात बोलले. ते मी काकूंच्या तोंडावर कसं सांगू?

मी हसून म्हटलं, काकू, तुम्ही पण ना! खरंच दिली.

त्यांनी हात सोडला. जाताना दारात जरा थांबल्या. मला वाटलं आणखी एकदा विचारतील. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. बहुतेक.

गुरुवार, २३ जानेवारी

भर दुपार. खिडकीतून पायरी दिसतेय. ती बसली आहे. पाठ माझ्याकडे, डोक्यावरून पदर.

काकूंनी फळीवरची भाकर दिली. तिने हात मागे घेतला. काकूंनी माझ्या खिडकीकडे पाहिलं.

काकू शेतात गेल्यावर मी फडकं घेऊन बाहेर गेले. म्हटलं, घ्या, तुमचीच आहे, माझं चुकलं. तिने फडक्याकडे बघितलंही नाही. पदराआडून आवाज आला, “नाई वो माय, काई नाई मायापाशी.” मग हसली. माझं हसणं. व्हिडिओतलं.

संध्याकाळी खुशीने ओसरीवरून हाक मारली, प्रणाली! मी ओ दिली. पायरीवरूनही ओ आली. खुशी पायरीकडे वळली.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज चारच ताटं.

ती पाटावर बसली. माझ्या जागी. अंगात माझा निळा कुर्ता. पदर नाही आता. चेहरा मी बघितला — लिहीत नाही. मी आरशात पाहिला तर — नाही.

मी दारात उभी. खुशी माझ्या अंगावरून भाजी घेऊन गेली. धक्काही लागला नाही. काकू तिला म्हणाल्या, खाऊन राहिली आज नीट, बरं वाटलं. ती शुद्ध मराठीत म्हणाली, काकू, फारच छान झालंय. काका हसले.

परतवाड्याला जायला फाट्यावर गेले. फडकं छातीशी धरून. एकटीने का होईना, ठेवून येईन. बसला हात केला. थांबली नाही. दुसरी नाही. रिक्षावाला माझ्या शेजारच्या बाईला विचारून गेला — मला नाही.

पायी निघाले. अंधार पडायच्या आत पुन्हा याच पायऱ्यांशी. वाट तीच. कुठेही न वळता.

भूक लागलीय. फार.

शनिवार, २५ जानेवारी

माझ्या खोलीची कडी आतून.

आईचा फोन आला. खिडकीतून ऐकू आलं. तिने उचलला, स्पीकरवर. आईने काहीतरी विचारलं आणि ती सांगत होती — चिखलदरा, रबडी, धुकं. आई खळखळून हसली. आई, तू तुझ्या शाळेत पोरांचा ‘ण’ ओळखतेस, मग मला —

काकू पाणी ओतायला बाहेर आल्या. मी पायरीवरून उठले. सगळं सांगणार होते. आता लाज कसली उरलीय. काकू, मी प्रणाली. भाकर माझ्याकडे होती. मी नाही म्हटलं. तुमच्या आवाजात म्हटलं. पाठ केलं होतं रात्रभर.

तोंड उघडलं आणि बाहेर आलं — माय, भाकर दे वो.

पुन्हा. माय, भाकर दे वो. दुसरं काही येतच नाही.

वही पुढे केली. ही, रोज लिहितेय ती. वाचा, काकू. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, दारात आलेल्याकडून आमी काई घेत नाई माय. देतोच फक्त. बस, सकाळच्या भाकरी सरल्या. उद्या देते.

त्यांना माझं नाव विचारायचं नाही. ते मीच वहीत लिहून घेतलं होतं. छान म्हणून.

रविवार

शाळेतल्या मुलांची प्रभातफेरी गेली. झेंडे. एकाही मुलाने इकडे बघितलं नाही.

फडकं सोडलं. म्हटलं, हीच खाते. आत काही नाही. कापड कोमट आहे फक्त.

भाकरीचा वास येतोय. मागे चूल पेटलीय. थाप थाप ऐकू येतेय. मोजतेय. दहा. अकरा.

बारा.

देली तं घेते आन् डोंगरावर चालला जाते. मांगं पायत नाई. — घ्यायची नाही. काही झालं तरी हात पुढे करायचा नाही. घेतली नाही तर इथेच राहीन. पायरीवर का होईना. काकूंच्या दारात.

ती ओसरीत बसून प्रकल्पाची वही लिहितेय. कोणी किती खाल्लं ते. अक्षर माझं.

काकू येतायत. फळीवरून फडकं घेतलं. गाठ सोडतायत. वाफ येतेय — इतकी भूक —

खाली बसल्या माझ्याजवळ. कोणी बसत नाही असं. डोळ्यात बघतायत. नाव विचारा, काकू. एकदाच विचारा ना, आज तरी —

खाय माय, म्हणाल्या. खाय आन् जाय सुखानं.

हात मांडीखाली दाबून धरलाय. डावा. उजव्याने लिहितेय. लिहीत राहिले तर उजवाही पुढे जाणार नाही — पेन सोडायचं नाही — काकू, माझं चुकलं, मी तुमच्या — पेन